पुसता येणारी वही

आजच्या गप्पांची सुरुवात एका फोटोपासून करू या. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या आपल्या एका प्रेक्षक ताईंनी तो पाठवलाय. स्वयंपाकघर आहे. फ्रिज आणि दार यांच्यामध्ये हात-दीड हात भिंत मोकळी आहे, आणि तिथे एक काळी शीट चिकटवली आहे. खडूने लिहा, ओल्या फडक्याने पुसा, आणि घर सोडताना सोलून काढा. वरच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मराठीत आहेत. मध्ये मुलांच्या डब्याचं आठवड्याचं वेळापत्रक इंग्रजीत आहे. त्याच्या खाली स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी कानडीत एकच शब्द लिहिलाय, 'उप्पु'. म्हणजे मीठ संपलं. आणि अगदी तळाशी, चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, अर्धवट पुसलेलं ग म भ न.

ताईंचा प्रश्न दोन ओळींचा होता. ही काळ्या भिंतीची टूम अमेरिकेतल्या घरसजावटीतून आली असं सगळे म्हणतात, मग आपल्याकडे याचा काही इतिहास आहे का? आणि दुसरी ओळ जरा घरगुती होती. दर रविवारी नातू सगळी शीट पुसून स्वच्छ करतो. त्यात सासूबाईंनी लिहिलेलंही जातं, मग त्या रुसतात. म्हणतात, पुसायचंच असेल तर मला लिहायला लावता कशाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो, आणि दुसऱ्यात अडकलो. आज दोन्हींबद्दल बोलतो.

आधी ही शीट व्हाइटफील्डमध्ये इतकी का दिसते ते पाहू. बेंगळुरूत भाड्याने घर घेताना आठ-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून ठेवायची रीत कित्येक वर्षं चालत आली आहे. करार अकरा महिन्यांचा असतो. घर सोडताना रंगकामाचे म्हणून त्या अनामतीतून पैसे कापले जातात, आणि खिळा मारलेला दिसला की त्याचा हिशेब वेगळा. अशा घरात भिंतीला काळा रंग देऊन फळा करायची हिंमत कोण करणार? मग ज्याला मागच्या बाजूने हलका गोंद आहे असा प्लॅस्टिकचा फळा आणायचा. भिंत मालकाची, फळा आपला. बदली झाली, कंपनी बदलली, की गुंडाळी करून पुढच्या घरी न्यायचा, निदान तशी आशा तरी ठेवायची.

व्हाइटफील्ड हे गावच मुळात बाहेरून येऊन वसलेल्यांचं. नाव ऐकून पांढऱ्या शेताची कल्पना करू नका. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला वसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. त्या संघटनेचे प्रवर्तक डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट, त्यांच्या आडनावावरून व्हाइटफील्ड. त्या लोकांनी तिथे शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहावं असा बेत होता. पुढे शंभरेक वर्षं ते बंगल्यांचं, झाडांचं, निवृत्त माणसांचं शांत गाव होतं. १९९० च्या दशकात तिथे आंतरराष्ट्रीय टेक पार्क आला आणि मग पुण्या-नागपूर-कोल्हापूरची, बेळगाव-हुबळीकडची मराठी मुलं तिथे जाऊ लागली. मार्च २०२३ मध्ये मेट्रोही पोचली.

मराठी माणूस त्या भागाला नवा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. १६३८ नंतर विजापूरकरांनी शहाजीराजांना जी जहागीर दिली, तिच्यात बेंगळुरू होतं, कोलार होतं आणि व्हाइटफील्डच्या शेजारचं होसकोटेही होतं. पण त्यावर आपण पुष्कळ बोललोय. आज शहाजीराजांच्या दरबारात नाही, तिथल्या वाण्याच्या दुकानात जायचंय.

कारण पुसता येणारी, गुंडाळून नेता येणारी, काळी, लिहायची पाटी त्या मुलखात होती. तिचं नाव कडत.

या वस्तूचं सगळ्यात तपशीलवार वर्णन मार्क विल्क्स याने केलंय. हा इंग्रज अधिकारी टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरला रेसिडेंट होता. दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचा त्याचा पहिला खंड १८१० साली लंडनला छापला गेला. तो लिहितो ते असं: सुती कापडाची लांब पट्टी घ्यायची, रुंदी आठ इंचांपासून फूटभर, लांबी बारा ते अठरा फूट. तिला दोन्ही बाजूंनी खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप द्यायचा. पूर्ण वाळली की न कापता सारख्या मापाच्या घड्या घालायच्या, आपल्याकडे जुन्या देवळांतून पंचांगाची लांब घडी असायची तशा. पहिल्या आणि शेवटच्या घडीला रंगवलेल्या, रोगण दिलेल्या लाकडी फळ्या लावायच्या. झाली वही. ती दोन्हीकडून उघडते, आणि ताणली तर पुन्हा अठरा फुटांची पट्टी.

लिहायचं बळपाने. बळप म्हणजे मऊ पांढरट दगडाची कांडी. आपण ज्याला शंखजिरं म्हणतो त्याच जातीचा दगड. कर्नाटकात आजही पाटीवरच्या पेन्सिलीला बळप म्हणतात. आणि बेलूर-हळेबीडची देवळं ज्या दगडात कोरली आहेत त्यालाही तिकडे बळपाचाच दगड म्हणतात. खाणीतून ताजा निघाला की नखाने ओरखडा उठतो असा हा दगड. एकाच दगडातून शिल्प घडवणाऱ्यांनी देवळं केली आणि हिशेबनिसांनी पेन्सिली केल्या. एकाचं काम पुसता येत नाही, दुसऱ्याचं अंगठ्याने पुसतं.

विल्क्सला यात कुतूहल वाटण्याचं कारणही सांगण्यासारखं आहे. म्हैसूरच्या राजघराण्याची एक फारसी वंशावळ त्याला मिळाली होती. टिपू सुलतानाच्या हुकमावरून श्रीरंगपट्टणात ती कानडीतून भाषांतरित केलेली होती, आणि मूळ मजकूर कडतांवरून घेतल्याचं तिच्या मथळ्यातच म्हटलं होतं. म्हणजे राजांची वंशावळ कुठे लिहिलेली होती? कापडाच्या काळ्या पाटीवर. तेव्हा हा शब्द वाचकाला समजावून सांगणं विल्क्सला भाग पडलं.

आता यातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तपशील. विल्क्स सांगतो की म्हैसूरचे व्यापारी आणि दुकानदार त्याच्या काळात सर्रास कडतावरच हिशेब ठेवत होते. आणि एका व्यापाऱ्याच्या कडतात लिहिलेलं, रीतसर साक्षी घातलेलं कर्जरोख्याचं कलम पुरावा म्हणून हजर केलेलं आणि मान्य झालेलं त्याने स्वतः पाहिलं होतं.

थांबा जरा इथे. कर्जाचा कागद, साक्षीदारांसकट, खडूने. ओलं बोट फिरवलं की कर्ज नाहीसं. आणि तरी तो पुरावा म्हणून चालतो.

आपल्या शाळेत शिकवलेल्या समजुतीप्रमाणे हे बसत नाही. कायमचं ते शाईने, तात्पुरतं ते खडूने, अशी आपली वाटणी असते. पण त्या बाजारात लिहिण्याचा टिकाऊपणा शाईवर अवलंबून नव्हता. वही कुणाच्या पेटीत राहते, ती उघडताना कोण हजर असतं, साक्षीला कोण बसलं होतं, कलमाच्या मागची-पुढची कलमं जुळतात का, यावर तो होता. मधलंच एक कलम पुसून नवं घातलं तर शेजारच्या घडीवरच्या बेरजेला ते कळणार. आणि ज्याच्या वहीत खाडाखोड सापडली, त्याच्याशी उद्या व्यवहार कोण करणार?

हे फक्त विल्क्सच सांगतो असं नाही. योहान गेओर्ग ब्यूलर याने भारतीय पुरालिपीवरचा आपला जर्मन ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कानडी व्यापारी अजूनही कडत वापरतात अशी नोंद आहे, आणि लेपाची कृतीही आहे: चिंचोक्याची खळ, तिच्यावर कोळशाचं काळं. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर आपल्या सोलापूर-सांगलीकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे घोंगडी आली असेल. धनगरांच्या घोंगड्यांना ताठपणा देते तीच ही खळ. पुढे पंडित गौरीशंकर ओझा यांनी प्राचीन लिपिमालेच्या १९१८ च्या आवृत्तीत शृंगेरी मठात सापडलेल्या अशा शेकडो जुन्या वह्यांचा उल्लेख केला, दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या. त्यांत मठाचा जमाखर्च होता, ताम्रपट आणि शिलालेखांच्या नकला होत्या, गुरुपरंपरा होती.

शृंगेरीचं नाव आलं की आपल्याला एक गोष्ट गिळून पुढे जाता येत नाही. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी हा मठ लुटला होता. त्या प्रसंगानंतरची टिपूची मठाला लिहिलेली पत्रं १९१६ साली मठातच मिळाली. ज्या मठाने असली लूट सोसली, तिथे बळपाने लिहिलेली कलमं मात्र वाचता येतील अशी राहिली. हाताने पुसली जाणारी अक्षरं दोनशे वर्षं कुणी पुसली नाहीत, एवढाच याचा अर्थ. पण तो लहान नाही.

आणि शब्द? तो अजून कामावर आहे. बेंगळुरूच्या सरकारी कचेरीत जा, फाइलीला कानडीत कडतच म्हणतात. 'तुमचं कडत वर गेलंय' असं ऐकलंत तर घाबरू नका, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. काळं कापड गेलं, बळप गेला, आणि पुसता येणाऱ्या वहीचं नाव पुसता न येणाऱ्या वस्तूला चिकटून राहिलं.

एक सावधगिरी. याचा अर्थ व्हाइटफील्डच्या स्वयंपाकघरातली शीट कडतापासून निघाली असा नाही. ती व्हायनिलची आहे, बाहेरच्या घरसजावटीच्या बाजारातून आली आहे, आणि ती बनवणाऱ्यांनी कडताचं नावही ऐकलेलं नसणार. 'आपल्याकडे हे आधीच होतं' अशी छाती फुगवणारे मेसेज मला आवडत नाहीत, आणि हा भाग तशा मेसेजचं इंधन होऊ नये. विल्क्सनेही असंच एक धाडस केलं होतं. अलेक्झांडरच्या नौदलप्रमुख निआर्खसने भारतीय लोक घट्ट कुटलेल्या कापडावर लिहितात असं नोंदवलंय. ते कापड म्हणजे कडतच असावं असं विल्क्सला वाटलं. दोन हजार वर्षांची उडी एका वाक्यात! मला ती घाई वाटते. दोन वस्तूंचं नातं रक्ताचं नसेल. गरज मात्र एकच आहे: जागा थोडी, मजकूर रोज नवा, आणि उद्या बाडबिस्तरा उचलायची वेळ येऊ शकते.

आता सासूबाईंच्या रुसव्याकडे वळू. त्यासाठी कडत बाजूला ठेवून त्याच्या उलट टोकाची पाटी बघायला हवी, कारण आपल्याकडे खरोखरच पुसण्यासाठी लिहायची जागा होती: धूळपाटी.

पाटीवर किंवा जमिनीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने किंवा काडीने लिहायचं, हात फिरवला की कोरी. पंतोजींच्या शाळेत मुलाचं पहिलं अक्षर असं उमटायचं. धुळाक्षरं गिरवणं हा वाक्प्रचार तिथलाच. शांताबाई शेळक्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'धूळपाटी' हेच नाव दिलं, आणि ते नाव समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही. पाटी हा शब्द तर गणिताच्या नावातच बसलाय. पाटीगणित म्हणजे पाटीवर करायचं गणित, त्यालाच धूलिकर्म असंही म्हणत. भास्कराचार्यांची लीलावती, ११५० सालची, ही पाटीगणिताचीच पोथी.

गंमत अशी की धुळीने गणिताची रीतच ठरवली. गुणाकार करताना मधली संख्या पुसायची आणि तिच्या जागी नवी लिहायची, मग ती पुसायची. जागा कमी, म्हणून पायऱ्या साठवायच्याच नाहीत. शेवटी पाटीवर उरतं ते फक्त उत्तर. हे भारतीय अंकगणित अरबी मुलखात गेलं तेव्हा धूळपाटीही बरोबर गेली. तिकडच्या एका अंकपद्धतीचं नावच घुबार पडलं, घुबार म्हणजे धूळ. आणि ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने या हिंदी हिशेबावर पुस्तक लिहून धूळपाटी सोडून द्या, हीच रीत कागदावर शाईने करा, असा आग्रह धरला. त्याच्या कारणांतलं एक ऐकण्यासारखं आहे. धूळपाटी घेऊन बसलेला माणूस रस्त्यावरच्या पोटभरू ज्योतिषासारखा दिसतो! दुसरं कारण जास्त खोलातलं: पुसत गेलं की पायऱ्या हरवतात, चूक झाली तर कुठे झाली ते सापडत नाही.

म्हणजे पुसण्याची किंमत काय असते याचा विचार हजार वर्षांपूर्वी झालेला आहे.

साधारण त्यानंतर ऐंशी वर्षांनी अल्-बिरुनीने भारतावरच्या ग्रंथात इथल्या शाळांतल्या मुलांबद्दल लिहिलं, की ती काळ्या पाट्यांवर पांढऱ्या वस्तूने लिहितात आणि पाटीच्या लांबीच्या बाजूने डावीकडून उजवीकडे ओळी ओढतात. १०३० च्या आसपासची गोष्ट आहे. काळ्यावर पांढरं, आजच्या फळ्यासारखं. सतराव्या शतकात तुकोबांच्या एका अभंगात मुलाला शिकवण्यासाठी पंतोजी स्वतःच पाटी हातात धरतात. ज्याला सगळ्या गावाने ओळखावं असा दाखला द्यायचा होता, म्हणून त्यांनी पाटी घेतली.

इंग्रजांच्या शाळांचं काय? तीही गोष्ट दक्षिणेत सुरू होते. अँड्र्यू बेल हा मद्रासमधल्या एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचा १७८९ पासून प्रमुख होता. देशी शाळेतली पोरं जमिनीवर वाळूत बोटाने अक्षरं काढतात हे त्याने पाहिलं आणि आपल्या आश्रमात तेच सुरू केलं. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं, तेही. १७९७ साली लंडनमध्ये त्याने त्यावर पुस्तिका काढली. तिकडे जोसेफ लँकेस्टरने गरिबांच्या शाळांत वाळूची टेबलं आणि दगडी पाट्या आणल्या. मद्रासच्या रस्त्यावरची वाळू विलायतेच्या वर्गात पोचली, असं म्हणायला हरकत नाही. मग दगडी पाटी उलट आपल्याकडे आली आणि अशी रुजली की परकी वाटेना. आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींनी तर पिढ्यान्‌पिढ्या शाळांना पाट्या पुरवल्या. लाकडी चौकटीची, एका बाजूला मण्यांची तार असलेली ती पाटी तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी फोडलेली असणार. ओल्या स्पंजाची डबी हरवली की थुंकी लावून पुसायची, आणि मग 'विद्येला थुंकतोस?' म्हणून धपाटा.

तो धपाटा मला महत्त्वाचा वाटतो. पुसण्यासाठीच केलेली ही वस्तू, तरी तिला पाय लागला तर नमस्कार करायचा. दसऱ्याला पाटीपूजन, पाटीवर एक-एक-एक असे एकाचे आकडे मांडून काढलेली सरस्वती, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी ती सरस्वती कुणी पुसत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पाटी, ओला स्पंज, आणि बे एके बे.

घरातही हे दोन कप्पे होतेच, फक्त त्यांना नावं नव्हती. दाराच्या मागे कोळशाने ओढलेल्या दुधाच्या रेघा महिना संपल्यावर, गवळ्याचे पैसे दिल्यावरच पुसल्या जात. त्याआधी कुणी भिंत सारवायला घेतली तर आजी ओरडायची. तो होता तिचा कडत. लिहिता न येणाऱ्या बाईचाही कडत, हे लक्षात घ्या. आणि उंबऱ्यापुढची रांगोळी ही धूळपाटी. दुपारपर्यंत पायांनी विस्कटायचीच, तिच्याबद्दल रुसवा नाही. रागवायचं ते घालायला विसरल्याबद्दल. दोन्ही पुसता येणारी, दोन्ही एकाच बाईच्या हातची, आणि कुठली कधी पुसायची हे घरात सगळ्यांना पाठ.

व्हाइटफील्डच्या त्या शीटवर बिघडलंय ते हे. एकाच काळ्या चौकोनात धूळपाटी आणि कडत एकमेकांत मिसळले आहेत. मीठ संपलं ही धूळपाटी. डब्याचं वेळापत्रक आठवड्याची धूळपाटी. नातवाचं ग म भ न तर अस्सल धूळपाटी, ते शंभरदा पुसलं जायलाच हवं. पण सासूबाईंनी गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात त्या कडतावर. त्या घरात मराठी हस्ताक्षराची तेवढीच जागा आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. मुलगा-सून फोनवर इंग्रजीत याद्या करतात, शाळेत कानडी आणि हिंदी. रविवारी पोरगा भिंत लख्ख करतो तेव्हा त्याच्या लेखी मीठ आणि आजी एकाच फडक्याने गेलेले असतात. त्यात त्याचा दोष नाही. कुणी त्याला सीमा आखूनच दिली नाही.

मी ताईंना कळवलं की शीटच्या वरच्या तिसऱ्या भागाला एक रेघ मारा, पांढऱ्या ऑइल पेंटच्या पेनने, पुसता न येणारी. रेघेच्या वर फक्त सासूबाईंनी लिहायचं आणि पुसायचंही फक्त त्यांनीच. कडताच्या पेटीची किल्ली असते ना, तशी. त्यांनी ते केलं. मग आठवड्याभराने दुसरा फोटो आला. रेघेच्या वर गोळ्या होत्या, पण त्याशेजारी कुळथाच्या पिठाचं प्रमाण आणि दोन भावांचे वाढदिवसही होते. आणि नातवाने रेघेच्या खालून एक बाण वर काढून लिहिलं होतं: आजी. 'ज' ला वेलांटी द्यायची होती ती उलट्या बाजूला दिलेली. ती तिथे अजून आहे म्हणे.

शीट लावणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण हा प्रश्न आणखी कुणी ना कुणी विचारणारच. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर ही टिकत नाही. भिंतीची भुकटी गोंदाला लागते आणि पहिल्या पावसाळ्यात कोपरे उचलतात. गुळगुळीत, धुता येणाऱ्या रंगावर लावा. रंग नवा असेल तर तीन-चार आठवडे थांबा, नाहीतर काढताना रंगही सोलून येईल आणि अनामतीचं पुन्हा सुरू होईल. लिहायच्या आधी खडू आडवा धरून अख्खी शीट पांढरी करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे केलं नाही तर पहिलं लिहिलेलं अक्षर भुतासारखं कायमचं दिसत राहतं. काढताना केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा एका कोपऱ्यावर धरून सावकाश, भिंतीला चिकटवूनच मागे ओढायची, आपल्याकडे नाही. गॅसच्या शेगडीजवळ लावू नका, फोडणीचं तेल बसलं की खडू घसरतो.

आणि ज्यांना प्लॅस्टिक नको, त्यांच्यासाठी मी स्वतः कडत करून पाहिलं. पहिलं फसलं. खळ दाट झाली, वाळल्यावर घडी घातली तर पापडासारखी तडकली. दुसऱ्यांदा असं केलं: नऊ इंच रुंद, दोन हात लांब मांजरपाट, आधी गरम पाण्यात उकळून त्याची मूळची खळ काढलेलं. मूठभर चिंचोके भाजून, सालं काढून रात्रभर भिजवले, वाटले, भरपूर पाण्यात पेजेसारखे पातळ शिजवले आणि गाळून घेतले. त्यात लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड, ताकाएवढं पातळ राहील इतकीच. ब्रशने एक हात, सावलीत वाळवणं, मग उलट्या बाजूला. असे चार हात. शेवटी गुळगुळीत वाटीच्या बुडाने घासलं. बळप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, लोखंडावर खुणा करायला वेल्डर वापरतात ती पांढरी चपटी कांडी. शाळेचा खडू यावर चालत नाही, नुसती भुकटी पडते.

घडीच्या रेषेवर लेप पहिल्यांदा सुटतो. तिथे आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक पातळ हात द्यावा लागतो. माझ्या कडताच्या दुसऱ्या घडीवर सध्या वर्तमानपत्रवाल्याचा हिशेब आहे, बारा तारखेपासूनचा.